'द मॅन हू सोल्ड हिज स्किन': सॅम अली तुम्हाला लोभी वाटला का?

बजाजनगरचा प्रेक्षक

आमचा पाच-सहा जणांचा गट आहे. महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमतो, एक सिनेमा पाहतो आणि मग चहावर वाद घालतो. या वेळचा वाद मिटला नाही, म्हणून इथे विचारतोय. खाली शेवटापर्यंतची गोष्ट येणार आहे. ज्यांना सिनेमा पाहायचा आहे त्यांनी आधी पाहून यावं.

कौथर बेन हानिया या ट्युनिशियाच्या दिग्दर्शिकेचा हा २०२० चा सिनेमा. सॅम अली हा सीरियातला तरुण. २०११ साली आगगाडीत, भर डब्यात तो अबीर या मुलीवरचं प्रेम जाहीर करतो आणि त्या भरात क्रांती, स्वातंत्र्य असले शब्द बोलून जातो. कोणीतरी ते मोबाइलवर टिपतं आणि तो तुरुंगात जातो. तिथून निसटून तो लेबनॉन गाठतो. इकडे अबीरचं लग्न एका मुत्सद्द्याशी होतं आणि ती ब्रुसेल्सला जाते. बैरुतमध्ये सॅम कोंबडीच्या पिल्लांच्या कारखान्यात राबतो आणि संध्याकाळी चित्रप्रदर्शनांच्या उद्घाटनांत शिरून फुकटचं खातो. तिथेच त्याला जेफ्री गोदफ्रुआ हा नावाजलेला कलावंत भेटतो. जेफ्री त्याच्या पाठीवर शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांत शिरायचा परवाना, गोंदवतो, आणि सॅम स्वतःच एक कलाकृती होऊन युरोपात पोचतो.

इथपर्यंत मी त्याच्या बाजूने होतो. ब्रुसेल्सला गेल्यावर मात्र माणूस बदलतो. पंचतारांकित हॉटेलात राहतो, भारी खाणं मागवतो, आपल्या वाट्याचा हिशेब करतो. सीरियन निर्वासितांसाठी काम करणारे लोक भेटून सांगतात की तुमचं शोषण चाललंय, तर हा त्यांनाच झटकून टाकतो. तिकडे देशात माणसं मरताहेत आणि हा संग्रहालयात शर्ट काढून बसलाय. मला काही त्याची कणव येईना.

तर तीन प्रश्न. नायकाला इतका महत्त्वाकांक्षी आणि व्यवहारी दाखवणं ही लेखनातली कमजोरी आहे की ते मुद्दाम केलंय? ब्रुसेल्सला पोचल्या पोचल्या त्याने सरळ राजकीय आश्रय का मागितला नाही? आणि सुरुवातीला पाच-सात देशांची नावं येतात, सिनेमा नक्की कोणाचा म्हणायचा?

अजनीचा फिल्लमवाला

तिसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो, बाकीचं जाणकार सांगतील.

निर्मिती ट्युनिशिया, फ्रान्स, बेल्जियम, जर्मनी आणि स्वीडन मिळून आहे. अशा सिनेमाला एकट्या ट्युनिशियात पैसा उभा राहत नाही. युरोपातल्या देशांचे सरकारी चित्रपट निधी असतात, आणि पैसा दिला की काही काम आपल्या देशात व्हावं, आपली माणसं घ्यावीत अशी त्यांची अपेक्षा असते. म्हणून अशा सिनेमांत नट एका देशाचा, संकलन दुसरीकडे, शूटिंग तिसरीकडे असं दिसतं. इथे ते गोष्टीलाही शोभतं, कारण गोष्टच सीमा ओलांडण्याची आहे. ऑस्करच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट विभागात मात्र प्रवेशिका एकाच देशाची जाते. ही ट्युनिशियाने पाठवली आणि त्या विभागात अंतिम पाचात पोचलेला तो त्या देशाचा पहिला सिनेमा ठरला. २०२१ साली पुरस्कार डेन्मार्ककडे गेला. सॅम झालेल्या याह्या महायनीला व्हेनिस चित्रपट महोत्सवाच्या ओरिझोन्ती विभागात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार होता. जेफ्रीची सोनेरी केसांची सहाय्यक सोराया म्हणजे मोनिका बेलुची.

गोंदवलेली पाठ हवेतून आलेली नाही. विम डेल्व्होय या बेल्जियन कलावंताने २००६ मध्ये टिम श्टायनर या स्विस माणसाच्या पाठीवर गोंदण केलं. २००८ मध्ये एका जर्मन संग्राहकाने ते दीड लाख युरोंना विकत घेतलं. पैसे कलावंत, गॅलरी आणि टिम यांच्यात वाटले गेले. ठरल्याप्रमाणे टिम प्रदर्शनात पाठ दाखवत बसतो, आणि त्याच्या मृत्यूनंतर ती कातडी संग्राहकाची. दिग्दर्शिकेने हे काम पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात पाहिलं होतं. डेल्व्होय स्वतः सिनेमात एका छोट्या भूमिकेत आहे, विम्याचा माणूस म्हणून.

तिने एकच गोष्ट बदलली: टिमच्या जागी सीरियन माणूस बसवला. टिमकडे स्विस पासपोर्ट आहे. नको वाटलं तर तो उठून घरी जाऊ शकतो. सॅमला तसं उठता येत नाही, आणि सगळं नाटक त्या एका फरकातून उभं राहिलंय.

टंकलेखिका, सिव्हिल लाइन्स

मी कचेरीच्या आवारात टायपिंग करायची. आधी मशीनवर, मागून कॉम्प्युटर आला. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, वारसांचे दाखले, जे येईल ते. आता तिथे मुलगा बसतो. सिनेमा मी सुनेबरोबर पाहिला, आणि जेफ्रीशी सौदा ठरतो त्या जागेपासून मी सॅमच्या बाजूने झाले ती शेवटपर्यंत. का, ते सांगते. थोडं लांबेल.

आपल्या जरीपटक्यात, खामल्यात फाळणीच्या वेळी आलेले सिंधी आहेत, ते सगळ्यांना ठाऊक आहेत. त्यांची दुकानं, त्यांच्या शाळा, सगळं उभं आहे. पण त्यांच्यानंतरही लोक येत राहिले, अगदी आत्ता-आत्तापर्यंत. सिंधमधून थोड्या दिवसांच्या व्हिसावर नातेवाइकांकडे म्हणून यायचं आणि परत जायचं नाही. या लोकांचं आयुष्य कागदावर चालतं. लाँग टर्म व्हिसा, त्याची मुदत वाढवायची, त्यासाठी इथल्या माणसाची हमी, घरमालकाचा कागद, पोलिसांत नोंद, फोटो, परत फोटो. पोरगं इथे शाळेत जाऊन मराठी कविता पाठ म्हणतं आणि कागदावर ते परदेशी असतं. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्र सरकारने देशातल्या सोळा जिल्ह्यांच्या कलेक्टरांना अशा अर्जांवर नागरिकत्व देण्याचे अधिकार दिले. त्यात नागपूर होतं. त्यानंतर तर आमच्या टेबलांपुढे सकाळपासून माणसं.

त्यातला एक मुलगा मला सिनेमा पाहताना सारखा आठवत होता. सिंधमधल्या सक्करकडचा. मामाच्या दुकानात मोबाइल दुरुस्त करायचा. अर्जात व्यवसायाचा रकाना आला. त्याच्या आधीच्या दोघा-तिघांचं मी मजुरी लिहिलं होतं, तर तो म्हणाला, "दीदी, मजदूर मत लिखो. दुकानदार लिखो." मी म्हटलं, तुझ्या नावावर दुकान कुठे आहे? म्हणाला, "होगी."

आणि त्याने मला एक कागद दाखवला. जुन्या व्हिसा अर्जाची वाया गेलेली झेरॉक्स, तिच्या मागच्या कोऱ्या बाजूला दुकानाचा नकाशा. फूटपट्टीने आखलेला. दर्शनी काउंटर, काचेचं कपाट, कव्हरं टांगायचे हूक, आत दुरुस्तीचं टेबल, त्यावर दिवा कुठे लटकणार तेही काढलेलं. वर पाटीवर नाव, तीनदा खोडून चौथ्यांदा लिहिलेलं. रांगेत मागे उभ्या एका माणसाने ते पाहिलं आणि म्हणाला, "आधी राहायला तर मिळू दे बाप्पा, मग दुकानाचं पाहजो." आजूबाजूच्या दोघांनी माना डोलावल्या.

बजाजनगरकर, राग मानू नका, पण तुम्ही सॅमबद्दल लिहिलंय ते मला त्या माणसाच्या बोलण्यासारखं वाटलं. दारात आलेल्याने आधी हात जोडावेत, आभार मानावेत, पोटापुरतं मागावं. त्याला दुकान हवं झालं, बायको हवी झाली, चांगली खोली हवी झाली की आपल्याला तो निर्वासित वाटेनासा होतो. तुमच्या-माझ्या मुलाने पंचविशीत हेच मागितलं असतं तर आपण चारचौघांत कौतुकाने सांगितलं असतं.

मी तिथे बसून लोकांना काय सांगायची ते ऐका. साहेबासमोर जाताना हातातलं घड्याळ काढून ठेवा. नवा शर्ट नको. मोबाइल खिशात. बाईमाणसाने दागिने घालू नयेत. आमच्या कामातलं हे रोजचं शहाणपण आहे, कारण गरीब आणि घाबरलेला दिसणारा माणूस लवकर सुटतो. हसऱ्या, टापटीप माणसाकडे दहा प्रश्न जास्त विचारले जातात. अर्ज खरा असूनही नाटक करावं लागतं. सॅम हे नाटक करायला तयार नाही. सोराया त्याला उरलेलं खाणं बांधून द्यायला निघते तेव्हा तो किती उसळतो पाहा. चोरून खाईल, पण भीक म्हणून दिलेलं घेणार नाही. मग जेफ्री येतो आणि त्याच्याशी सौदा करतो. सौदा वाईट आहे, हे सॅमलाही कळतं. पण सौदा निदान दोन माणसांत होतो. ते निर्वासितांसाठी काम करणारे भले लोक येतात तेव्हा ते त्याला तू पीडित आहेस असं सांगायला येतात. त्याला तेच नकोय. तो झटकतो ते मला पटलं. थोडं दुखलंही, कारण ती माणसं खोटी नाहीत.

आता आश्रयाचं. माझं वाचन असं. लेबनॉनने निर्वासितांचा १९५१ चा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारलेला नाही. आपल्या देशानेही नाही. तिथे दहा लाखांवर सीरियन लोकांची नोंद झाली आणि २०१५ मध्ये सरकारच्या सांगण्यावरून संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने नवी नोंदणीच थांबवली. म्हणजे बैरुतमध्ये सॅम पिल्लं वेचत जन्म काढू शकतो, हक्काचा म्हणून एक कागद त्याला मिळायचा नाही. बेल्जियम करारात आहे. तिथे उतरून आश्रय मागता आला असता. पण आश्रय मागायचा म्हणजे पुन्हा अर्जदार व्हायचं. बोटांचे ठसे द्यायचे, मुलाखतीची वाट पाहायची, तुझ्यावर काय-काय अत्याचार झाले ते तारीखवार सांगायचं, आणि समोरच्याला ते पटलं तर पटलं. अबीरच्या दारात त्याला असं जायचं नव्हतं. तो तिच्याकडे यशस्वी माणूस म्हणून चालला होता. इतकी साधी गोष्ट आहे, आणि तरुण माणसाची आहे.

रसिका, महाल

ताई, अबीरबद्दल कोणीच काही लिहिलं नाही म्हणून मी दोन ओळी लिहिते. तीही कागदासाठीच गेली. आईवडिलांनी ठरवलेला, दूतावासात नोकरीला असलेला नवरा केला आणि ब्रुसेल्सला पोचली. तिने आयुष्य दिलं, सॅमने पाठ दिली. तिला आपण परिस्थितीची बळी म्हणतो आणि त्याला लोभी. आपल्याकडेही परदेशातलं स्थळ आलं की मुलीच्या मनाचं कोण विचारतं? सिनेमाने तिला अजून जागा द्यायला हवी होती. ती सतत खिडकीशी नाहीतर स्क्रीनवर दिसते, ती दिवसभर काय करते, तिला काय व्हायचं होतं, हे कळतच नाही. माझ्या मते सिनेमातली कमजोरी इथे आहे.

कस्टमवाला, वर्धा रोड

माझा धंदा क्लिअरिंगचा. आयात-निर्यातीचे कागद करतो. त्यामुळे मी हा सिनेमा वेगळ्याच कारणाने तोंडात बोट घालून पाहिला.

प्रदर्शनासाठी चित्र किंवा मूर्ती परदेशी न्यायची आणि परत आणायची असेल तर त्याला एटीए कार्ने नावाचा कागद असतो. मालाचा पासपोर्टच समजा. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारातून आलेला, आपल्याकडे फिक्की ही उद्योजकांची संघटना देते. एक वर्षाची मुदत. प्रत्येक देशात शिरताना एक पावती फाटते, निघताना एक. ड्यूटी भरावी लागत नाही, कारण माल परत जाणार हे गृहीत धरलेलं असतं. पेटी ठरल्या तापमानात, विमा उतरवलेला, कोपऱ्याला खरचटलं तर अहवाल. सिनेमात सॅमच्या पाठीवर पुळी येते आणि सगळ्यांची धावपळ उडते, ते पाहताना मला हसू आलं नाही. मालाला ओरखडा आल्यावर आमच्याकडे असंच होतं. मालाची काळजी करणारे लोक वाईट नसतात, त्यांना तेच काम दिलेलं असतं.

जेफ्रीची कल्पना नेमकी इथे आहे. सीरियन माणसाला जी दारं बंद, ती वस्तूला उघडी. मी रोज वस्तूंना दारं उघडून देतो. हुशार सिनेमा आहे. पण एक तक्रार: सगळं फार देखणं आहे. आरसे, निळा प्रकाश, प्रत्येक चौकट चित्रासारखी. तुरुंगसुद्धा सुंदर दिसतो. बैरुतमधला उकाडा, पिल्लांचा वास कुठे जाणवत नाही. आणि लिलावाचा प्रसंग! विकला गेल्यावर सॅम उठतो, इअरफोनची वायर हातात धरून बॉम्ब असल्यासारखा ओरडतो आणि श्रीमंत लोक खुर्च्या पाडत पळतात. प्रसंग जबरदस्त आहे. पण त्यानंतर त्याला ज्या सहजतेने सोडवलं जातं ते मला पचलं नाही. खऱ्या आयुष्यात अरब माणसाने असं केलं असतं तर पुढची कितीतरी वर्षं त्याला सूर्य दिसला नसता.

बजाजनगरचा प्रेक्षक

सगळ्यांचे आभार. टंकलेखिका ताई, तुमचा नकाशावाला मुलगा मी आमच्या गटात वाचून दाखवला. बराच वेळ कोणी बोललं नाही, मग पुन्हा वाद सुरू झाला. आता वाद शेवटावर आहे. सॅमचा व्हिसा संपतो, त्याला सीरियात परत पाठवतात, आणि तो विरोध करत नाही, उलट त्याला तेच हवं असतं. अबीरही बरोबर जाते. पुढे त्याला मारल्याची खोटी चित्रफीत निघते आणि संग्रहालयात प्रयोगशाळेत वाढवलेली कातडी लटकते, म्हणजे हा मोकळा. पण ज्या रक्का शहरात तो परततो ते २०१४ पासून २०१७ पर्यंत इस्लामिक स्टेटच्या ताब्यात होतं. तिथे कोणी आपणहून जाईल? महत्त्वाकांक्षी माणूस तर नाहीच. तुमचं म्हणणं मान्य केलं तर हा शेवट खोटा ठरतो की नाही?

टंकलेखिका, सिव्हिल लाइन्स

खोटा नाही म्हणणार, घाईचा म्हणेन. कातडीची युक्ती जास्त हुशार झाली आहे. त्यात रक्काचं भय पुसलं गेलं. ज्या शहरात त्याच्या आईचे पाय गेले, तिथे तो हसत उभा दिसतो. कस्टमवाले भाऊ म्हणतात तसं तिथे चित्र सुंदर ठेवायच्या नादात गोष्ट हलकी झाली.

पण परत जाण्याची इच्छा खोटी नाही. हिवाळ्यात आपल्याकडे स्वेटर घेऊन येणारे तिबेटी लोक तुम्ही पाहिले असतील. आपल्या विदर्भातच, गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगावच्या बाजूला गोठणगावला त्यांची वसाहत आहे, १९७२ पासूनची. त्यातली एक बाई दर मोसमात माझ्याकडे भाड्याच्या जागेचा करारनामा टाइप करायला यायची. तिचा जन्म इथला, मराठी माझ्यापेक्षा झाडीपट्टीची. नोंदणीचं पुस्तक दरवेळी पिशवीतून काढून टेबलावर ठेवायची, प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळलेलं. तिचा मुलगा परदेशी जायच्या खटपटीत होता, त्यासाठी पासपोर्टऐवजीचं ते पिवळं प्रवासी पुस्तक लागतं, त्याचे अर्ज चालले होते. मी सहज विचारलं, तुला जावंसं वाटतं का त्याच्यासोबत? म्हणाली, "मला तिकडे नाही जायचं ताई. मला ल्हासा पाहायचं आहे. दुकान लावायचं तिथं." जे गाव तिने कधी पाहिलं नाही तिथे तिला दुकान लावायचं होतं! तिला ते शक्य नाही हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. तरी जागा ठरलेली, मालही ठरलेला.

म्हणून सॅमचं परतणं मी त्याच्या महत्त्वाकांक्षेच्या विरुद्ध धरत नाही. पहिल्यांदा तो देशातून पळाला तो जीव वाचवायला. बैरुतमधून निघाला तो दुसऱ्याच्या कागदावर. ब्रुसेल्सला कुठे बसायचं, किती वेळ बसायचं, शर्ट कधी काढायचा, हे सगळं दुसऱ्याने ठरवलं. कुठे जायचं हे सबंध सिनेमात तो एकदाच स्वतः ठरवतो, आणि तेही जिच्यावर त्याचं प्रेम आहे तिला बरोबर घेऊन. दिग्दर्शिकेला हे दाखवायचं होतं असं मला वाटतं. तिने रक्काऐवजी दुसरं एखादं गाव घेतलं असतं तर तुमच्या गटातला वाद अर्धा झाला असता.

रसिका, तुझं अबीरबद्दलचं अगदी बरोबर आहे. माझी सूनही हेच म्हणाली.

आणि तो मुलगा, विचारायच्या आधीच सांगते. व्यवसायाच्या रकान्यात मी खासगी नोकरी लिहिलं, कारण अर्जात खरं तेच लिहावं लागतं. त्याने वाचलं, सही केली आणि नकाशा घडी करून खिशात ठेवला. पुढे त्याचा अर्ज मंजूर झाला. शपथ घ्यायला गेला त्या दिवशी तो नवा शर्ट घालून आला होता, आणि घड्याळही.